होडीच्या अंगावरील डाग : ते कसे पडतात व कसे काढावेत

पावसाळा जवळ आला म्हणजे कोकणच्या खाड्यांतून एक परिचित दृश्य दिसू लागते. आठ-दहा महिने पाण्यावर राबलेल्या होड्या ओढून काठावर घेतल्या जातात, आणि नारळीच्या झापांनी शाकारण्यापूर्वी त्यांचे एरवी पाण्याखाली झाकलेले अंग उन्हात उघडे पडते. यांत्रिक नौकांस तर जून व जुलै हे दोन महिने समुद्र बंदच असतो, तेव्हा डागडुजीस हाच काळ मोकळा सापडतो. ह्या वेळी होडीकडे निरखून पाहिल्यास तिच्यावर वर्षभराची हकीकत लिहिलेली आढळते. पाणी जेथवर चढते त्या रेषेवर पिवळसर तपकिरी पट्टा, लोखंडी कड्याखाली तांबूस ओघळ, इंजिनाच्या बाजूस तेलकट काळिमा, तळाशी हिरवे शेवाळ, आणि त्या शेवाळात घट्ट बसलेले ते धारदार पांढरे खवले, ज्यांनी पायास जखम झाली नाही असा खाडीकाठचा मुलगा विरळाच.

आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळजण अशाच घरांतील आहेत, व मे महिन्याच्या सुटीत ती वडिलांच्या किंवा काकांच्या हाताखाली होडी धुण्याचे काम करतात. ह्या कामात तीन वस्तू सर्रास वापरात असल्याचे आम्हांस आढळते : मोरी धुण्याचे अ‍ॅसिड, कपडे पांढरे करण्याचे ब्लीच, आणि काचकागद. तिन्ही वस्तू आपापल्या ठिकाणी उपयोगाच्या खऱ्या. परंतु डाग कशाचा आहे हे न पाहता त्यांचा उपयोग केला असता होडीचे नुकसान होते, आणि करणाऱ्याच्या डोळ्यांचे व फुप्फुसांचे नुकसान होते ते निराळेच. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या पालकांसाठीही आहे.

डाग म्हणजे केवळ रंग नव्हे. तो एक पदार्थ आहे. तो पदार्थ कोणता हे कळले म्हणजे अर्धे काम झाले. ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे पाणरेषेवरील तो तपकिरी पट्टा. पूर्वीच्या काळी हिरडा पाण्यात उकळून त्याच्या काढ्यात हिराकस घालीत, व हवा लागताच तो फिकट काढा काळाभोर होऊन लिहिण्याची शाई तयार होई. हिरड्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते व हिराकशीत लोह असते. ह्या दोहोंच्या संयोगाने तो काळा रंग उत्पन्न होतो. आता खाडीचा विचार करा. काठावर कांदळवन आहे. त्याची पाने व साल पाण्यात कुजत असतात, व त्यांतील टॅनिन पाण्यात उतरते. जाळी सुताची होती त्या काळी ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवीत असत, तो गुण ह्याच टॅनिनचा. खाडीच्या पाण्यात व गाळात लोहही असतेच. तेव्हा पाणरेषेवरचा तो पट्टा म्हणजे होडीच्या अंगावर आपोआप तयार झालेली एक प्रकारची शाईच होय, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. लाकडी होडीत लोखंडी खिळ्याभोवती जो काळा डाग फाकतो, त्याची जन्मकथाही हीच. फरक इतकाच, की तेथे टॅनिन लाकडातूनच येते. ऐनासारख्या लाकडात ते भरपूर असते.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी अवश्य करून पाहावा. कडक कोऱ्या चहात एक गंजका खिळा टाकून रात्रभर ठेवावा. सकाळी चहा काळवंडलेला दिसेल. त्यातील थोडा चहा पेल्यात घेऊन त्यात लिंबू पिळावे, म्हणजे काळेपणा बराच निवळतो. (तो चहा कोणी पिऊ नये, हे सांगावयास नकोच.) लिंबाच्या आम्लाने जे येथे केले, तेच होडीवर करावयाचे आहे, मात्र तेथे आम्ल थोडे अधिक जोरकस लागते.

ते आम्ल म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल. त्याचे नाव परके असले तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. कुंड्यांत व बांधांवर उगवणारी, मुले आवडीने चघळतात ती आंबट अंबुशी, तिच्या शास्त्रीय नावावरूनच ह्या आम्लाला नाव मिळाले. कोकणात लोणच्यात व आमटीत पडणाऱ्या बिलिंबीत ते पुष्कळ असते, आणि म्हणूनच बिलिंबीच्या रसाने कपड्यावरील गंजाचा डाग निघतो. अळूचे पान नीट न शिजवता खाल्ले तर घसा खवखवतो, त्यास कारण ह्याच आम्लाचे कॅल्शियमशी संयोग पावलेले सुईसारखे बारीक स्फटिक. स्वीडनमधील शील ह्या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ते प्रयोगशाळेत तयार केले. लोहाशी ह्याचे विशेष सख्य आहे. त्याचा कण लोहाच्या कणास चिमट्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी धरतो, व त्यास पाण्यात विरघळणाऱ्या संयुगात ओढून घेतो. गंज असो वा शाई असो, लोह सुटले की रंग नाहीसा होतो. घासावे लागत नाही, आणि ह्यातच त्याचा मोठेपणा आहे.

ह्या घासण्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. अलीकडील बहुतेक लहान होड्या फायबरच्या असतात, म्हणजे काचतंतूंचे थर राळेसारख्या कृत्रिम द्रव्यात भिजवून केलेल्या. त्यावर जो तुळतुळीत रंगीत थर असतो त्यास जेलकोट म्हणतात, आणि तो साधारणपणे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. पाण्यास आत जाऊ न देणारी होडीची कातडी ती हीच. काचकागदाने डाग जातो, कारण डागासह कातडीच जाते. चार-पाच वर्षे असेच चालले म्हणजे खालचे काचतंतू दिसू लागतात, त्यांच्यात पाणी शिरते, व अंगावर फोड येतात. आमच्या परिचयाच्या एका नाखव्याने नवी कोरी होडी पहिल्याच वर्षी मोरीच्या अ‍ॅसिडाने धुतली. डाग निघाले, होडी पांढरीशुभ्र झाली, व सर्वांनी वाहवा केली. पुढील वर्षी तिच्यावर पूर्वीपेक्षा दुप्पट डाग! कारण उघड होते. अ‍ॅसिडाने व पाठोपाठ मारलेल्या तारेच्या ब्रशाने झिलई जाऊन पृष्ठभाग खरखरीत झाला होता, आणि खरखरीत पृष्ठभागाच्या सूक्ष्म खळग्यांत मळ जितका धरून राहतो तितका गुळगुळीत पृष्ठभागावर राहू शकत नाही. शिवाय हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने इंजिनाचे भाग, कडी व साखळी गंजतात ते वेगळेच. पितळेची वा जस्ताचा मुलामा दिलेली वस्तू जवळ असेल तर तिचीही अवस्था बिकट होते.

तेव्हा प्रथम परीक्षा करावी, मग उपचार. होडी गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावी. समुद्राच्या पाण्याने धुतल्यास क्षार तेथेच राहतो. नंतर भांडी घासण्याचा साबण व मऊ फडके घेऊन डागाचा हातभर भाग पुसून पाहावा. तेल, वंगण, धुराची काजळी व कोवळे शेवाळ एवढ्याने निघते. त्यासाठी आम्लाची काहीही आवश्यकता नाही, आणि तेलावर आम्ल ओतून उपयोगही नाही. साबणाने न हललेल्या डागावर मीठ लावलेली लिंबाची फोड अर्धा तास दाबून ठेवावी. डाग फिका पडला तर तेथे लोह आहे असे समजावे. डागावर पांढरा खरखरीत थर असून लिंबाच्या रसाने त्यातून बुडबुडे निघाले, तर तो चुन्याचा, म्हणजे शंखशिंपल्यांच्या जातीचा समजावा. पुष्कळदा लिंबू व बिलिंबी एवढ्यावरच लहानसहान डाग निभावतात, व जेथे निभावतात तेथे त्याच्या पुढे जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढे जाणे प्राप्तच झाले, तर ते काम वडील माणसांनी करावे. मुलांनी दूर उभे राहून पाण्याची बादली तयार ठेवावी, हेच त्यांचे काम. ऑक्झॅलिक आम्ल पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात विकत मिळते. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम स्फटिक पुरेत. भांडे प्लॅस्टिकचे असावे, धातूचे नसावे. आधी पाणी घ्यावे व त्यात स्फटिक सोडावेत. त्याची पूड उडून नाकात जाते व नाक-घसा सोलवटल्यासारखा होतो, म्हणून तोंडास मुसके, हातांत लांब रबरी मोजे व डोळ्यांस बाजूंनी झाकलेला चष्मा असल्यावाचून पुडक्याचे तोंडही उघडू नये. होडी सावलीत असावी. तापलेल्या अंगावर द्रावण क्षणात वाळते, आणि वाळले की काम थांबते व चट्टे मात्र उरतात. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी थोडे लावून पाहावे. मग फडक्याने डागावर द्रावण लावून दहा-पंधरा मिनिटे ओले ठेवावे, व भरपूर गोड्या पाण्याने धुवून टाकावे. डाग अर्धवट राहिला तर पुन्हा एकवार लावावे. द्रावण दुप्पट तीव्र करण्यापेक्षा वेळ दुप्पट देणे केव्हाही बरे. शेवटी खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून तो अंगावर फिरवावा. बारीक फेस आला तर आम्ल शिल्लक आहे असे जाणून फेस येईनासा होईपर्यंत धुवावे.

ह्या आम्लाचा एक दुर्गुण त्याच्या सद्गुणातूनच निघालेला आहे. ते लोहास जसे धरते तसे कॅल्शियमलाही धरते. पोटात गेल्यास ते रक्तातील कॅल्शियम हिरावून घेते व मूत्रपिंडांत त्याचे स्फटिक साचतात. ह्याने माणूस दगावतो. दिसावयास ते साखरेसारखे किंवा खडेमिठासारखे असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ते रेचक मीठ समजून चुकीने घेतल्याने माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. म्हणून ते मूळच्याच डब्यात, ठळक चिठ्ठी लावून, कुलपात ठेवावे. सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिच्याविषयी पालकांनी कठोर व्हावे. डोळ्यात थेंब उडाल्यास त्याच क्षणी पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा व मगच वैद्यकीय मदतीस निघावे; धुण्यापूर्वी धावत सुटू नये. पोटात गेल्यास तोंड धुवावे, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि डब्यासकट ताबडतोब इस्पितळ गाठावे. डबा पाहिल्याने डॉक्टरांस विषाचे नाव समजते.

आता ब्लीचविषयी. त्याने शेवाळाचा व पानांचा रंग उडतो हे खरे, परंतु गंजावर त्याचा उपयोग नाही. उलट ते लोहास अधिक गंजविते. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की ब्लीच व कोणतेही आम्ल एकत्र आले असता क्लोरीन वायू सुटतो. हा तोच हिरवट पिवळा वायू, जो २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र शहराजवळ रणांगणावर सोडण्यात आला व ज्याने खंदकांतील सैनिक गुदमरून मेले. एका बाजूने थोरला भाऊ ब्लीच मारीत आहे व दुसऱ्या बाजूने धाकटा अ‍ॅसिड ओतीत आहे, असा प्रकार होडीच्या बंद पोटात घडला तर काय होईल ह्याची कल्पनाच करवत नाही. एकानंतर एक लावावयाचे म्हटले, तरी मध्ये राहिलेला ओलावा पुरेसा होतो. सबब ज्या घरी होडीस आम्ल वापरावयाचे असेल, त्या घरी त्या दिवशी ब्लीचची बाटली काठावर येऊच नये.

राहिले ते धारदार खवले, ज्यांस इंग्रजीत बार्नकल म्हणतात. हे शिंपल्यासारखे दिसले तरी शिंपले नव्हेत. ते कोळंबी व खेकड्यांचे नातलग होत. पिल्लू असताना ते पाण्यात पोहत असते, मग एखादी जागा पसंत करून डोके तेथे चिकटवते, भोवती चुन्याचे घर बांधते, आणि जन्मभर डोक्यावर उभे राहून पायांनी अन्न ओढीत राहते! चार्ल्स डार्विन ह्याने ह्या क्षुद्र प्राण्यांच्या अभ्यासात १८४६ पासून आठ वर्षे घालविली. होडीवाल्यास मात्र त्यांचे कौतुक परवडत नाही, कारण तळ खडबडीत झाला की होडी जड चालते व डिझेल अधिक लागते. त्यांस आम्लाने जाळण्यापेक्षा होडी वर काढल्याबरोबर, ओली असतानाच, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. वाळल्यावर ते दगडासारखे होतात. मागे राहिलेली गोल पांढरी चकती ओल्या गोणपाटाखाली भिजत ठेवून पुन्हा पट्टीने काढावी.

ह्या प्राण्यांस दूर ठेवण्याचा प्रयत्न फार जुना आहे. ब्रिटिश आरमाराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजांच्या तळास तांब्याचे पत्रे मारण्यास प्रारंभ केला. तांबे हळूहळू विरघळते व त्याच्या विषाने प्राणी चिकटत नाहीत. परंतु पत्रे झिजतात, म्हणून १८२४ च्या सुमारास सर हंफ्री डेव्ही ह्यांनी त्यांस जस्त व लोखंडाचे तुकडे जोडून ती झीज थांबविली. तांबे वाचले, पण विरघळणेच थांबल्यामुळे तळावर शेवाळ व बार्नकल यांची दाटी झाली, आणि शेवटी ती युक्ती सोडून द्यावी लागली! पुढे विसाव्या शतकात कथिलाचे एक संयुग घातलेला रंग निघाला. त्याने तळ स्वच्छ राहिले, पण बंदरांतील शंख-कालवांची प्रजा धोक्यात आली. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात कालवांचे शिंपले वेडेवाकडे वाढू लागले व पिल्ले होईनाशी झाली, तेव्हा १९८२ साली त्या देशाने लहान नौकांवर हा रंग वापरण्यास बंदी केली. २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो २००८ साली अमलात आला, जहाजांवरही त्यास मनाई झाली. आजच्या रंगांत बहुधा तांब्याची संयुगे असतात. तीही निरुपद्रवी नव्हेत.

म्हणून तळाचा जुना रंग कोरडा घासू नये; त्याची धूळ छातीत जाते. तो ओला करून खरवडावा, खाली ताडपत्री अंथरावी, व पडलेले कपटे गोळा करून घ्यावेत. ज्या खडकांवर होडी धुवावयाची, त्याच खडकांवरून आपल्याच घरच्या बायका कोयत्याने कालवे काढतात, आणि त्याच गाळातून तिसऱ्या वेचतात. भरतीबरोबर ते कपटे तेथेच जातात. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, ‘मग आजवर गेले ते कोठे गेले?’ प्रश्न रास्त होता.

लाकडी होडीबद्दल दोन शब्द. खिळ्याभोवतीचा काळा डाग वर सांगितलेल्या द्रावणाने जातो, पण लाकूड ते शोषून घेते, म्हणून धुणे अधिक व वाळविणे सावकाश झाले पाहिजे. फळ्यांच्या सांध्यांत ठासलेला कापूस व राळ उखडणार नाही अशा बेताने पाणी मारावे. लाकूड पुरते वाळल्यावर रीतीप्रमाणे मुशीच्या यकृताचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल द्यावे. मात्र टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, तेव्हा रबरी मोजे येथेही हवेतच. ज्या खिळ्यामुळे डाग पडला तो गंजका खिळा तसाच ठेवून केवळ डाग काढणे म्हणजे गळक्या छपराखालची जमीन पुसण्यासारखे आहे. फायबरच्या होडीस धुऊन वाळल्यावर मेणाचे दोन हात द्यावेत व पाणरेषेवरून दर आठवड्यास ओले फडके फिरवावे, म्हणजे पुढील वर्षी आम्लाची गरज फारशी पडत नाही.

बादलीत उरलेले द्रावण खाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. मोजे व चष्मा तसेच ठेवून त्यात चुन्याची निवळी थोडी थोडी घालीत जावी. ऑक्झॅलिक आम्ल व चुना यांचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा पांढरा साका खाली बसतो, अळूतील सुयांचेच ते भावंड. नवी निवळी घालूनही साका वाढेनासा झाला म्हणजे आम्ल संपले असे समजावे, वरचे पाणी खाडीपासून दूर मातीत जिरवावे, आणि गाळ खोल खड्ड्यात पुरून टाकावा.